जुन्या लेदर पर्सला पुन्हा रंग: घरच्या टेबलावरचं काम आणि त्याचा खरा हिशेब

व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं, पण प्रमाण, वेळ आणि पैशाचा हिशेब व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत उतरवावा लागतो. म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, जरा मोठा आहे.

तुमच्या घरातलं कपाट उघडा. वरच्या खणात, जुन्या बेडशीटच्या मागे एक तरी लेदरची पर्स सापडेल. आईची ऑफिसची, आत्याने शांतिनिकेतनहून आणलेली नक्षीची, किंवा अमेरिकेतल्या मावशीने दिलेली आणि 'चांगल्या प्रसंगाला' म्हणून वीस वर्षं जपून ठेवलेली. कोपरे पांढरे पडलेत, हँडल काळवंडलंय, रंग एका बाजूने उडालाय. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. चांभारदादांकडे नेली तर ते टाका घालून देतात, पॉलिश मारून देतात, आणि ते काम ते उत्तमच करतात. पण उडालेला रंग जुळवून पूर्ण पर्स पहिल्यासारखी करून देणारं माणूस लहान गावात सहसा नसतं. आपला धंदा त्या रिकाम्या जागेत आहे.

यात मशीन लागत नाही, गाळा लागत नाही. एक टेबल, खिडकी आणि चिकाटी लागते. मात्र दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात असते आणि ती पुन्हा बाजारात मिळत नाही. केक फसला तर दुसरा करता येतो. कुणाच्या आईची पर्स फसली तर काय करणार? म्हणून या कामात 'आधी घेऊ, मग शिकू' चालत नाही. पहिल्या दहा पर्स स्वतःच्या, नातेवाइकांनी टाकायला काढलेल्या किंवा जुन्या बाजारातून शे-दोनशेला आणलेल्या असाव्यात. गिऱ्हाइकाची पर्स अकरावी.

आधी ओळख, मग ब्रश

पर्स हातात आली की पहिला प्रश्न: हे लेदर आहे का? हसू नका. 'प्युअर लेदर आहे हो' म्हणून येणाऱ्या पर्समध्ये रेक्झिनचा भरणा मोठा असतो. पर्सची कापलेली कड किंवा आतली शिवण उलगडून बघा. खऱ्या चामड्याच्या मागच्या बाजूला तंतू दिसतात, बोट फिरवलं की मखमलीसारखे लागतात. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. आपण पीयू म्हणतो त्या प्रकारावरचा पातळ थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. पापुद्रे सुटलेल्या पर्सवर कितीही महाग रंग लावा, खालचा थरच सुटत असेल तर रंग त्याच्यासकट गळणार. अशी पर्स घ्यायची नाही. गिऱ्हाइकाला कड दाखवायची, समजावायचं आणि परत द्यायची. त्या दिवशी पैसे मिळत नाहीत, पण तेच गिऱ्हाईक पुढे खऱ्या लेदरची पर्स घेऊन तुमच्याकडेच येतं.

आणखी एक गंमत. लुई व्हितोंच्या त्या प्रसिद्ध तपकिरी, अक्षरांच्या नक्षीच्या बॅगेचं अंग लेदरचं नसतंच, ते थर दिलेलं कॅनव्हास असतं. लेदर असतं ते हँडल आणि कडेच्या पट्ट्यांना, आणि तेही जवळजवळ उघडं, म्हणजे वरून काहीही न लावलेलं. हाताच्या घामाने, उन्हाने ते मधासारखं गडद होत जातं. अशी बॅग आली तर अंगाला हात लावू नका.

लेदर आहे हे नक्की झालं की पुढची तपासणी पाण्याच्या थेंबाने. आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंब तसाच टपोरा बसून राहिला तर वर रंगाचा आणि लॅकरचा थर आहे. याला पिगमेंटेड लेदर म्हणतात. बाजारातल्या बहुतेक ऑफिस पर्स याच प्रकारच्या, आणि शिकणाऱ्यासाठी हेच सोपं. थेंब जिरला आणि तिथे गडद डाग दिसला तर ते उघडं किंवा अगदी पातळ फिनिशचं लेदर. यात रंग चामड्याच्या आत मुरलेला असतो, वर थर नसतो. जाड रंग लावला की त्याचा जीवच जातो, प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. मऊ, केसाळ स्वेड असेल तर सुरुवातीला घेऊच नका.

शांतिनिकेतनी पर्स वेगळीच जात आहे. ते वनस्पतीच्या अर्काने कमावलेलं पातळ चामडं असतं, त्यावर ठसे उठवलेले आणि नक्षीत हाताने रंग भरलेला. त्यावर अपारदर्शक रंगाचा एक हात फिरवला की कुणाची तरी कलाकारी कायमची झाकली जाते. तिथे फक्त स्वच्छता, थोडं कंडिशनर, शिवण आणि चेन एवढंच करायचं. फारच फिकट झालेल्या जागी पातळ केलेली डाय बारीक ब्रशने, बस.

वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची एक खोड लक्षात ठेवा. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तीच ही पद्धत. असं चामडं ओलं असताना लोखंड लागलं तर निळा-काळा डाग पडतो, कारण आतलं टॅनिन आणि लोह मिळून शाईच तयार होते. म्हणून ओल्या पर्सला लोखंडी चिमटे नाहीत, तारेची घासणी तर नाहीच. आणि खूप जुनी पर्स बोट लावल्यावर लालसर भुकटी सोडत असेल तर तिचे तंतूच मेलेले असतात. ती जपून ठेवण्याची वस्तू आहे, वापरण्याची नाही. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

साफसफाई: अर्धं काम इथेच

रंग का उडतो? निम्म्या वेळा रंग वाईट नसतो, खालची जागा साफ नसते. जुन्या पर्सवर हाताचं तेल, पावडर, अत्तर, मेण आणि वर्षानुवर्षांचं बूटपॉलिश बसलेलं असतं. त्यावर रंग धरत नाही.

पहिल्या दिवशी फक्त हे: पर्स रिकामी करा, अस्तर बाहेर ओढा, ब्रशने धूळ काढा. आत सापडलेली प्रत्येक गोष्ट, अगदी जुनं बसचं तिकीट असलं तरी, पाकिटात घालून वर गिऱ्हाइकाचं नाव लिहा. मग लेदर क्लीनर. तो नसेल तर अर्धा लिटर पाण्यात दोन-तीन थेंब लहान बाळाचा शाम्पू, त्याचा फेस करून फक्त फेसाने पुसायचं. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. चामड्याचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५ च्या आसपास. कपड्यांचे साबण अल्कलीकडचे, त्याने चामडं कोरडं आणि ताठ होतं. अमेरिकेत जुन्या कोच बॅगा अख्ख्या पाण्यात बुडवून धुण्याची पद्धत आहे. व्हिडिओ बघून मोह होतो, मान्य. आपल्या पावसाळ्यात बुडवलेली बॅग आठवडाभर वाळत नाही आणि आतून बुरशी धरते. माझं मत स्पष्ट आहे: बुडवायची नाही.

बुरशी आलेली पर्स असेल (कोकण आणि मुंबईची पर्स म्हणजे बुरशी आलीच) तर आधी बाहेर, मास्क लावून कोरड्या ब्रशने झटकायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, कापड घट्ट पिळून पुसायचं. अल्कोहोल रंग काढतं का ते आधी आतल्या जागी बघा. वाळवण सावलीत, पंख्याखाली. उन्हात ठेवलेलं चामडं आकसतं.

आता खोबरेल तेल. प्रत्येक घरात कुणीतरी प्रेमाने पर्सला खोबरेल चोळलेलं असतं. तेल आत मुरतं, चामडं काळपट होतं, थंडीत ते गोठून वर पांढरट येतं आणि पुढे कुठलाही रंग तिथे धरत नाही. गिऱ्हाईक सांगत नाही, म्हणून आपणच विचारायचं: 'याला घरी काही लावलंय का?' तेल असेल तर मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर रात्रभर थापून ठेवायची, सकाळी झटकायची, असं दोन-तीनदा. सगळं निघत नाही, पण रंग धरण्याइतकं बऱ्याचदा निघतं.

पिगमेंटेड पर्स रंगवायची असेल तर शेवटी जुना चकचकीत थर मोडावा लागतो. बाजारात यासाठी डीग्लेझर किंवा प्रेपरर मिळतं. साधं अॅसिटोन कापसाच्या बोळ्यावर घेऊन हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसलं तरी जमतं. चमक गेली आणि जागा मॅट दिसली की थांबा. घासत बसलात तर चामड्याची वरची पातळ सायच निघून जाईल. एक गोष्ट कानात बांधून ठेवा: अॅसिटोन आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ हे काम करायचं नाही. खिडकी उघडी, हातात नायट्राइल मोजे, मुलं दुसऱ्या खोलीत.

कोपरे आणि भेगा

कोपरे घासून खरखरीत झाले असतील तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून उभे राहिलेले तंतू बसवायचे. मग लेदर बाइंडर स्पंजने पातळ लावायचा. हा दुधासारखा दिसणारा द्रव तंतूंमध्ये शिरतो आणि त्यांना धरून ठेवतो. एक हात, वाळवा, दुसरा हात, असे पाच-सहा. खड्डा किंवा खोल ओरखडा असेल तर लेदर फिलर. तो पॅलेट नाइफने कागदाएवढा पातळ लावायचा, वाळल्यावर ६०० च्या पेपरने सपाट करायचा आणि पुन्हा लावायचा. एकदाच जाड थापलेला फिलर पर्स वाकवली की तडकतो. भिंतीला पुट्टी बघितली असेल तर हे वेगळं सांगायला नको. फक्त भिंत वाकत नाही, पर्स दिवसातून पन्नासदा वाकते.

भेगांबद्दल प्रामाणिक राहा. भेग म्हणजे तुटलेले तंतू. ते जुळत नाहीत, आपण फक्त भरतो आणि झाकतो. हँडलच्या वळणावर भेगा असतील तर फिलरच्या भरवशावर राहू नका, हँडल बदलून द्या किंवा वरून नवी पट्टी शिवून घ्या.

हे शिवणाचं काम येत नसेल तर तुमच्या चौकातल्या चांभारदादांशी जोडून घ्या. आरी आणि दाभणावर त्यांचा हात बसलेला असतो, तसा आपला बसायला वर्षं जातील. त्यांना त्यांचा दर पूर्ण द्या, घासाघीस करू नका, आणि काम त्यांनी केलंय हे गिऱ्हाइकाला सांगा. मुद्दा निघालाच आहे तर बोलते. शिकायला येणाऱ्या कितीतरी जणी हळूच सांगतात, 'मॅडम, घरचे म्हणतात चामड्याचं काम कशाला?' ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ही कला जपली त्याला आपण काय वागणूक दिली, ते त्या एका वाक्यात दिसतं. वस्तूला 'लेदर' म्हटलं की मॉलमध्ये मिरवायचं आणि काम करणाऱ्याच्या हातातलं ते 'कातडं', हा हिशेब मला कधी पटला नाही. चर्मकार समाजातल्या मुलामुलींनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात कर्ज आणि प्रशिक्षणाच्या योजनांची चौकशी जरूर करावी.

रंग: घाई करणाऱ्याने इथे येऊ नये

दोन प्रकार. डाय चामड्यात मुरते, पारदर्शक असते, खालचा पोत दिसतो. ती उघड्या लेदरसाठी. पिगमेंट, म्हणजे पाण्यातला अॅक्रिलिक लेदर रंग, वर थर करून बसतो आणि डाग झाकतो. तो पिगमेंटेड लेदरसाठी. डायने गडद रंगाचं फिकट होत नाही, कितीही बाटल्या ओता. पिगमेंटने करता येतं, पण काळ्याचं पांढरं करायला इतके थर लागतात की पर्स खेळण्यातली वाटते. तांबड्याची मरून, तपकिरीची गडद तपकिरी, निळ्याची नेव्ही: असे बदल सुंदर होतात. गिऱ्हाइकाला रंग सुचवताना एक-दोन छटा गडद सुचवा. काम सोपं आणि निकाल चांगला.

साधा चित्रकलेचा अॅक्रिलिक लेदरवर लावू नका. तो वाळल्यावर ताठ होतो आणि वाकल्यावर सुटतो. लेदरसाठी बनवलेल्या रंगात लवचीक बाइंडर असतो. परदेशी अँजेलस, फीबिंग्ज हे रंग ऑनलाइन मिळतात. घाऊक भावात घ्यायचं तर मुंबईला धारावीत किंवा कोल्हापुरात चामड्याचं सामान विकणाऱ्यांकडे 'वॉटर बेस पिगमेंट' आणि 'टॉप कोट' विचारा. पहिल्यांदा प्रत्येक रंगाची लहान बाटली आणा, लिटर आणू नका.

किती रंग हवेत? काळा, पांढरा, तपकिरी, तांबडा, पिवळा, निळा. सहात जवळजवळ सगळं बसतं. तपकिरीच्या शेकडो छटा असतात आणि गिऱ्हाईक नेमकी तीच छटा मागतं. जुळवण्याची पद्धत अशी. पर्सवरची मूळ रंगाची जागा शोधा: फडक्याखाली, हँडलच्या कड्याखाली, आतल्या खिशाच्या कडेला. तो खरा रंग. बाहेरचा रंग उन्हाने बदललेला असतो. जवळचा तपकिरी घ्या आणि थेंबाथेंबाने जुळवा. फार लालसर वाटला तर हिरव्याकडे न्या, म्हणजे निळा आणि पिवळ्याचा अगदी थोडा मिश्र थेंब. फार पिवळट वाटला तर किंचित जांभळ्याकडे. गडद करायला लगेच काळा ओतू नका, तपकिरी मळकट होतो. आधी निळा वापरून बघा. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका पर्सच्या आतल्या जागी लावा, हेअर ड्रायरने वाळवा, मगच ठरवा. ओला रंग फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसाच्या उजेडात वेगळा दिसू शकतो, म्हणून अंतिम निर्णय खिडकीपाशी, सकाळी.

आणि वहीत लिहा. तपकिरी ४० थेंब, तांबडा ३, निळा १, असं. ०.१ ग्रॅम मोजणारा छोटा काटा घेतलात तर उत्तम. पर्स मोठी निघाली आणि रंग अर्ध्यात संपला तर तीच छटा पुन्हा करायला हीच वही कामाला येते.

लावताना बक्कल, चेन आणि शिवण मास्किंग टेपने झाका. दाट, बारीक छिद्रांचा स्पंज घ्या. पहिला हात इतका पातळ की बघून वाटावं काहीच झालं नाही. टिपत टिपत लावायचं, ओढायचं नाही. ड्रायर एक वीत लांब धरून वाळवा आणि दुसरा हात. तीन ते पाच हात लागतात. शिवणीच्या खाचेत रंग साचला तर लगेच कोरड्या ब्रशने उचला. एअरब्रशने काम देखणं होतं हे खरं, पण सुरुवातीलाच कॉम्प्रेसरसाठी सोनं गहाण ठेवून येऊ नका. पंचवीस पर्स स्पंजने करा, पैसे सुटू द्या, मग त्यातून घ्या.

शेवटी टॉप कोट. मॅट, सॅटिन, ग्लॉस असे तीन मिळतात. जुन्या पर्सला बहुधा सॅटिन शोभतो. दोन-तीन पातळ हात. टॉप कोट नसेल तर रंग कपड्याला लागणार. म्हणूनच 'बूटपॉलिश मारलं तरी चालेल ना?' याचं उत्तर नाही. बूट साडीला घासत नाही, पर्स घासते. पॉलिशमधला मेण आणि रंग उष्णतेने सुटतो, आणि लग्नात कुणाच्या कोऱ्या पैठणीच्या काठाला लागला तर भरपाई कोण देणार?

मी प्रत्येक पर्सला पांढऱ्या रुमालाची परीक्षा देते. एक रुमाल कोरडा, एक ओला करून पिळलेला, दोन्हींनी पट्ट्यावर आणि मागच्या बाजूवर वीस-वीस वेळा जोर देऊन घासायचं. रुमालाला रंग लागला की पर्स परत टेबलावर. हातात कोरडी लागली तरी थर पूर्ण पक्का व्हायला दिवस जातात. मी आठवडाभर देत नाही, पावसाळ्यात दहा दिवस. तोवर आत कागद भरून उभी ठेवायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही.

बक्कल आणि कड्यांचं थोडक्यात. भरीव पितळ असेल तर ब्रासोने झकास निघतं. वर नुसता सोनेरी मुलामा असेल तर ब्रासो मुलामाच खाऊन टाकतं, तिथे ओलं कापड पुरे. चेन अडत असेल तर दातांवर मेणबत्ती फिरवा. ढिली झाली असेल तर बऱ्याचदा रनर बदलूनच भागतं, अख्खी चेन उसवू नका.

गिऱ्हाइकाला विचारायचा एक जादा प्रश्न

काय दुरुस्त करायचं हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, 'काय तसंच राहू द्यायचं?'

माझ्याकडे एक ताई आईची पर्स घेऊन आल्या होत्या. आई गेल्यानंतर कपाटात सापडलेली. रंग उडालेला, अस्तर फाटलेलं. सगळं नवं करून द्या म्हणाल्या. मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी पर्स उलटी केली, फडक्याच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं नाव आणि पोस्टातलं खातं दाखवलं, आणि मग हँडलवर बोट ठेवलं. एका जागी चामडं अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. 'इथे तिचा हात असायचा,' एवढंच बोलल्या. मी अंग रंगवलं, अस्तर बदललं, फडक्याची आतली बाजू आणि हँडल फक्त स्वच्छ केलं. हा प्रश्न विचारला नसता तर ती झीज मी सगळ्यात आधी भरली असती, कारण कामाच्या नजरेला ती खराबीच दिसते. आता माझ्या पावतीवर 'हात लावू नये' असा रकानाच छापलेला आहे. त्यात गिऱ्हाइकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं.

हिशेब

बीबीएला कॉस्ट शीट शिकवली तेव्हा कंटाळा आला होता. रोज तीच वापरते. मध्यम आकाराच्या एका पर्सचा नमुना देते, तुमच्या गावच्या भावाने आकडे बदला.

वेळ धरा: सफाई ४५ मिनिटं, जुना थर काढणं ४५, बाइंडर-फिलर ६०, रंग जुळवणं ४५, रंगाचे हात ९०, टॉप कोट ३०, बक्कल-चेन ३०, आणि फोटो, मेसेज, गिऱ्हाइकाशी बोलणं ४५. बेरीज ३९० मिनिटं, म्हणजे साडेसहा तास. शेवटचे ४५ सगळे विसरतात. तासाला १५० रुपये धरले तरी मजुरी ९७५. रंग, फिलर, स्पंज, मोजे, टेप मिळून ३०० धरा. झाले १,२७५. वीज, जागा, जाणं-येणं यासाठी १५ टक्के, म्हणजे साधारण १९०. एकूण १,४६५. शिवाय दर काही पर्समागे एक पुन्हा करून द्यावी लागते, त्याची तजवीज. म्हणून दर १,६०० च्या खाली नको.

'१,६०० मध्ये नवी येते की!' हे वाक्य येणारच. येते, बरोबर आहे. त्यांना नवी घ्यायला सांगा, मनापासून. जिला हीच पर्स हवी आहे तीच आपलं गिऱ्हाईक. दर पाडून ५०० ला काम घेतलंत तर साडेसहा तासांचे, सामान वजा जाता, २०० रुपये उरतात. मग घाई होते, थर जाड होतात, पर्स बिघडते.

अर्धी रक्कम आगाऊ घ्या. पर्स ताब्यात घेताना चारी बाजू, तळ, आतली बाजू आणि प्रत्येक डाग यांचे फोटो गिऱ्हाइकासमोर काढा आणि तिथेच त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. दुरुस्ती ही सेवा आहे, आणि महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पुढचं तुमच्या सीएला विचारा.

एक धोक्याची जागा राहिली. गिऱ्हाइकाची ब्रँडेड बॅग रंगवून तिलाच परत देणं ठीक. पण जुनी ब्रँडेड बॅग विकत घेऊन, रंग बदलून, ब्रँडच्या नावावर विकायला ठेवणं वेगळं. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम ३० प्रमाणे कायदेशीर घेतलेली वस्तू पुन्हा विकता येते, मात्र वस्तूची स्थिती बदललेली असेल तर ब्रँडचा मालक हरकत घेऊ शकतो. तेव्हा विकायचीच असेल तर 'पुन्हा रंगवलेली, कंपनीचा या कामाशी संबंध नाही' हे जाहिरातीत आणि पावतीवर ठळक लिहा. बॅग नकली असल्याचा संशय आला तर विकायला घेऊच नका. आणि निघालेला लोगो नव्याने ठोकून द्या म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

पर्स परत देताना सोबत एक चिठ्ठी द्या. माझी अशी असते: अत्तर आणि सॅनिटायझर पर्सवर पडू देऊ नका, अल्कोहोलने रंग सुटतो. भिजली तर सावलीत वाळवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवा, कापडी पिशवीत ठेवा, पंधरवड्यातून एकदा हवा द्या. तेल लावू नका, खोबरेल तर नाहीच. सहा महिन्यांत रंग आपणहून सुटला तर फुकट करून देईन, ओरखडा पडला तर माफक दरात.

पुढच्या व्हिडिओत फक्त तपकिरी रंग जुळवणं दाखवते, अर्धा तास, कट न करता. त्याआधी वरच्या खणातली ती पर्स काढा, एक थेंब पाणी टाका आणि मिनिटभर बघत बसा.